त्यात किती लग्नं बसत्याल?

मी बोलती तशी नात टाईप करतीया. ज्या लॅपटॉपावर तिची बोटं चालल्यात, त्येच्याच पोटात नवी हार्डडिस्क कशी बसली ते सांगायचं हाय. मी शाळंत दुसरीपतूर गेले. कोकरं राखायला कोन न्हाई म्हनून बानं घरी ठिवलं, ते ठिवलंच. यष्टीची पाटी वाचता येती, दुकानाची वाचता येती. तेवढ्यावर जनम निभला.

आमचं गाव माण तालुक्यात, आटपाडीच्या अंगाला. आमी मेंढरंवाली मानसं. आता मेंढरं थोडी ऱ्हायली, शेरडं थोडी, वाईच बाजरी व्हती, आन ल्योक मुंबईला कामाला. घरात मी, सून आन नात. नात बारावी झाली आन आटपाडीला जाऊन लग्नाचं शूटिंग कापायला शिकली.

कापायचं म्हंजी कसं, तर शूटिंगवाला दिसभर लग्नात उभा ऱ्हाऊन दिसंल ते घेतो. ते समदं लॅपटॉपात टाकायचं. मग बामन नाक पुसतोय ते काढायचं, नवरी हसली ते ठिवायचं, कुनाचा मामा रुसून मांडवाबाहीर उभा ऱ्हायला आसंल तर त्येला बी काढायचं, वर गानं लावायचं. आटपाडीचा एक शूटिंगवाला तिला काम द्यायचा. पर सगळं लगीन कवा दिलं न्हाई. नुसतं हाराचं, नुसतं हळदीचं, आसं तुकडं द्यायचा.

लॅपटॉप तिच्या बापानं मुंबईतनं कुनाचा तरी वापरलेला आनलेला. चालायचा बरा, पर त्यात जागाच न्हाई. एक लगीन आलं की आदीचं पुसायचं. एकदा शेजारच्या गावाची एक बाई आली. म्हनली, "बाई, आमची लग्नाची पेनड्राईव्ह पोरांनी हारवली. तुझ्याकडं हळदीचं आसंल की. त्यात आमचा म्हातारा नाचलाय. म्हातारा गेला आता." नातीनं खाली मान घातली. ते पुसून गेलेलं. बाई च्या न पिताच उठली. नात त्या दिसापासनं एकच बोलाय लागली, आज्जे, मोठी हार्डडिस्क पायजे.

माझ्या लग्नाचा एक फोटू न्हाई. त्येचं मला काय वाटत न्हाई. पर कुनाचा असलेला पुसायचा, हे काम काय बरं न्हाई.

तेवढ्यात शूटिंगवाल्याचा फोन आला. नातीनं मोठ्यानं लावला, म्हनून मला बी आयकू आलं.

"मोठं लगीन हाय बघ. तीन क्यामेरं, वर ड्रोन. सगळं एकटीनं कापशील?"

"कापीन की दादा."

"तू कापशील गं, तुझं डबडं घेईल का? बसत नसंल तर आत्ताच सांग. सांगलीत पोरं तयारच बसल्यात. मग म्होरचं बी तिकडंच दीन मी, रोज रोज इचारत न्हाई बसायचो."

"बसवती. आईतवारी क्यामेऱ्याची कार्डं घेऊन या."

फोन ठिवला आन पोरीचं तोंड वाळलं. बसवती म्हनली खरी, पर कुठं बसवनार?

त्यात घरात दुसरंच चाललेलं. खानापूरकडचं एक स्थळ आलेलं. पोरगा सोनं गाळायच्या धंद्यात, लांब तामिळनाडूत. मानसं चांगली, पर पोरीनं तिकडं जाऊन चार भिंतीत बसायचं. ल्योक फोनवर म्हनला, "आये, जुन्या डबड्यात कशाला पैका घालायचा? दिवाळीच्या आत बार उडवून टाकू. आन हे काम हाय तरी किती दिसाचं? त्यो शूटिंगवाला उद्या दुसऱ्याला देईल."

म्या म्हनलं, "दिलं तर तवा बघू. आजून दिलं न्हाई न्हवं?"

म्या मनात धरलं. ह्या पोरीचं काम हिच्या हातातनं जाऊ द्यायचं न्हाई. मला शाळंतनं काढलं तवा मला कुनी इचारलं न्हाई. हिला इचारायचं.

आमच्या गोठ्यात एक बोकड व्हतं. बिरोबाच्या जत्रंला म्हनून राखलेलं. आटपाडीच्या बाजाराला ते म्या इकलं. सून दावं धरून आडवी आली.

"आवं आत्या, देवाचं हाय ते!"

"देवाला म्या सांगितलंय."

"काय सांगितलं?"

"म्हनलं, औंदा नड हाय, म्होरल्या साली देती."

"आन देव काय म्हनला?"

"काय म्हनला न्हाई. तू सोड दावं, टेम्पो थांबलाय."

सून दोन दिस माझ्याशी धड बोलली न्हाई. ताट वाढायची आन ठक्कन ठिवायची. म्या जेवत व्हते.

नातीनं फोनवर बघून ठरवलं की कराडला मलकापुरात जायचं, तितं कांपुटरची दुकानं लय. यष्टी बदलत आमी दोघी गेलो. उतरले आन मला काय कळंना. रस्ता एवढा, गाड्या एवढ्या, इमारती. ह्याच पट्टीत कवातरी आमचा वाडा बसायचा. वाडा म्हंजी मेंढरांचा तळ. दिवाळी झाली की आमी माणातनं निघायचो, चालत, मेंढरं म्होरं, घोड्यावर बाडबिस्तरा, त्येच्यावर पोरं बांधलेली. उसाच्या मुलखात रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, रानवाला खताच्या बदल्यात दानं द्यायचा. माझा हा ल्योक त्या वाटंवरच झाला, एका बांधाला. सकाळी झाला, दुसऱ्या दिशी तळ हलला, मी बी चालत. घोड्यावर बस म्हनले आमचं मालक, पर घोड्यावर आदीच कोकरं व्हती. मालक जाऊन आता लय वरसं झाली.

म्या नातीला म्हनलं, "हितं आमी मेंढरं बसवलीत."

ती म्हनली, "आज्जे, हितं आता पिझ्झाचं दुकान हाय. चल."

कांपुटरच्या दुकानात गार हवा. दुकानदारानं नातीला इचारायचं सोडून मला इचारलं, "बोला आज्जी, काय रिचार्ज मारायचा?"

"हिच्या मशिनीला मोठी हार्डडिस्क पायजे. हलकी देऊ नगंस."

त्यानं लॅपटॉप उलटा करून बघितला. म्हनला, "आज्जी, हे जुनं झालंय. नवा घ्या. ह्याला पैसं घालन्यात मजा न्हाई."

"घर लहान पडलं तर पडवी वाढवत्यात का घर पाडत्यात?"

"पडवी वाढवत्यात."

"मग पडवी दे."

हसला त्यो. एक पाकीट काढून नातीला दाखवलं. एवढीशी, पत्त्याच्या पानापरास वाईच मोठी, उचलली तर वजनच न्हाई. मला काय इस्वास बसंना. एका बोकडाचं एवढंसंच?

"ह्यात किती लग्नं बसत्याल?" म्या इचारलं.

"आज्जी, आज पतूर आसा हिशोब कुनी इचारला न्हाई बघा. तुमच्या गावाची सगळी बसत्याल."

"आन गावाच्या पोरांच्या पोरांची?"

"तवा परत या माझ्याकडं."

नात मातूर कामाचं इचारत व्हती. ही ह्यात बसंल का, जुन्यातलं नव्यात कसं घ्यायचं. त्यानं एक बारकी पेटी दिली, वायरीची. नवी डिस्क आदी त्या पेटीत घालायची, वायरीनं भाईरनं जोडायची, जुन्यातलं समदं तिच्यात उतरवायचं. मग लॅपटॉप उघडून जुनी काढायची आन नवी आत बसवायची. म्या नातीला वाटंत म्हनलं, हे मला कळलं. नव्या तळावर आदी जाळ्या लावायच्या, मेंढरं तिकडं गेली का बघायचं, मगच जुन्या तळाच्या जाळ्या काढायच्या. नात म्हनली, "आगदी तसंच, आज्जे. फकस्त मदी लाईट जायाला नगं."

ती खरी आडचन व्हती. ह्या लॅपटॉपाची बॅटरी कवाच मेलेली. वायर हाय तवर जीव, वायर निघाली की ठप्प. आन आमच्या भितीवरचा बोर्ड ढिल्ला. पिन आत ऱ्हात न्हाई, कुनी जोरात चाललं तरी हलती. डोंगरावर पवनचक्क्या गरागरा फिरत्यात, पर आमच्या घरात लाईट लाजत येती.

दुसऱ्या दिशी सकाळी जेवनं उरकून काम लावलं. लॅपटॉपावर एक पट्टी आली, हिरवी, मुंगीच्या चालीनं सरकत व्हती. पिनंखाली म्या पाट उभा केला, पाटाला वरवंटा लावला आन स्वता भितीला पाठ लावून बसले, हात पिनंवर. सुनंला सांगितलं, मिक्सर लावायचा न्हाई, मोटर लावायची न्हाई. कोंबड्या भाईर.

आमच्या शेजारी माझी धाकटी जाऊ. तिची पिठाची गिरनी हाय. गिरनी सुरू झाली की आमच्या आळीची लाईट मान टाकती. म्या सुनंला तिच्याकडं धाडली. सून गाल फुगवूनच गेली. ती नुसती परत आली न्हाई, जाऊच तिच्या मागनं आली. दारात उभी ऱ्हाऊन बघतीया.

"आक्का, हे काय? भितीला धरून बसलाय?"

"पिन धरलीया."

"आन त्यापायी मी गिरनी बंद ठिवू? दळनं आल्यात माझी."

"दुपारपतूर ठिव."

"आवं पर त्यात हाय काय एवढं?"

"तुझ्या पोरीच्या लग्नाची हळद हाय. ज्यात तू नाचलीस."

जाऊ म्हनली, "ती आजून हाय?"

"हाय," नात म्हनली. "धाकल्या आज्जी, तुमची पुसली न्हाई मी. पेनड्राईव्हमदी ठिवलेली, आता ह्यात घेतली."

जाऊ आत येऊन बसली. म्हनली, "दळनं काय, संध्याकाळी व्हत्याल." मग दुपारपतूर तीच दाराशी बसून पोराटोरांना हाकलत व्हती. माझा हात सुन्न झाला. नात म्हनली, आज्जे, मी धरती. म्या म्हनलं, तू पट्टी बघ. लाईट एकदा लुकलुकली. ती परत आली, पट्टी चालतच व्हती. ऊन उंबऱ्यावर आलं तवा नात वरडली, "झालं!" नव्या डिस्कात तिनं एक दोन लग्नं उघडून बघितली. समदी व्यवस्थित. तिनं लॅपटॉप बंद केला, मग म्या पिन सोडली.

आता नुसती आत बसवायची राहिली. नातीनं बारक्या पेचकसानं मागचं झाकन काढलं, इस्क्रू वाटीत ठिवलं, जुनी डिस्क काढली. नवी आत सारनार तवा म्या म्हनलं, "थांब." आमच्यात नवं जनावर दारात आलं की आत घ्यायच्या आदी त्येला भंडारा लावत्यात. देवाच्या दिव्याच्या तेलात आंगठा बुडवायचा, मग भंडाऱ्यात, आन कपाळाला दाबून टिळा. आन ही तर देवाच्या बोकडाची डिस्क.

म्या इचारलं, "ह्येचं तोंड कंचं?"

नातीचं ध्यान इस्क्रूत. म्हनली, "तोंड म्हंजी ही बाजू, जी आत जाती ती."

म्या तिथं टिळा लावला. चांगला दाबून.

नातीनं डिस्क सारली, इस्क्रू घट केलं, बटन दाबलं. काळा पडदा आन वर पांढरी अक्षरं. नात म्हनली, डिस्कच दिसत न्हाई म्हनतोय. काढली, परत घातली. तेच. जुनी घातली, तर लॅपटॉप सुरू. नवी घातली, काळा पडदा. मग तिनं नवी परत त्या वायरीच्या पेटीत घातली. तितं बी मुकी.

सून चुलीपाशी व्हती. म्हनली, "देवाचं इकलं की आसंच व्हतं."

नातीनं बापाला फोन लावला. बाप म्हनला, "परत करून टाक आन नाद सोड. शूटिंगवाल्याला सांग, जमत न्हाई म्हनून. आये, तू बी आता हट्ट करू नगं."

पोरगी रडली न्हाई. डिस्क पाकिटात घालाय लागली. ते मला रडन्यापरास वंगाळ वाटलं. म्या पाकीट तिच्या हातातनं घेतलं.

"दुपारी ही चालत व्हती का न्हाई?"

"चालत व्हती. तुझ्यादेखतच लग्नं बघितली की."

"मग दुपारपासनं आतापतूर तिला काय झालं? पडली?"

"न्हाई."

"पानी सांडलं?"

"न्हाई गं."

"मग मदी झालं ते एकच. माझा भंडारा."

म्या डिस्क घेऊन अंगनात गेले, उन्हात धरली. माझ्या डोळ्याला काय दिसतंय! "तू बघ," म्हनलं. तिनं बघितलं. त्या तोंडाच्या खाचंत बारीक सोनेरी दात हायत, दातावर दाटून हळद बसलेली, तेलात मुरलेली. आमच्या मेंढीच्या कपाळाला दात नसत्यात, हिच्या तोंडाला हायत, हे मला कुठनं कळनार? पर टिळा माझाच व्हता, तवा म्या सरळ सांगितलं, "म्या बुजवलीया. आता काढायची कशी, ते तू बघ."

आधी नात हसाय लागली. मग सून आली, ती बी बघून हसाय लागली. म्हनली, "आवं आत्या, तिला घास भरवला काय तुमी?" दोन दिसानं बोलली ती, आन ती बी हे बोलली.

म्या म्हनलं, "देव कोपला न्हाई न्हवं? हळद गेली आत, एवढंच."

नातीनं फोनवर वाचलं, स्पिरीटनं पुसायचं. आमच्याकडं शेरडांच्या जखमंला स्पिरीटची बाटली कायम आसती. काडीला कापूस गुंडाळून ती एकेक दात पुसाय लागली. कापूस पिवळा निघायचा, टाकायचा, नवा घ्यायचा. लगेच घालाय निघाली तर म्या हात धरला. वाळू दे म्हनलं. वाळवनाच्या खाटंवर सावलीला ठिवली आन राखत बसलो, कोंबडं येऊन टोचायला नगं. मग तिनं परत पुसलं, परत वाळवली. वास घेतला, स्पिरीटचा आला म्हनून आजून वाळवली. घाईत मला काय गमवायचं नव्हतं.

ह्यावेळी डिस्क आत सारली, तवा म्या हात पदराखाली धरलं. देवाला मनातनंच हात जोडलं. नातीनं बटन दाबलं. काळा पडदा. सून म्हनली, "गेली." आन मग पडदा उजळला, आन त्यावर आमची मेंढरं, नातीनं लावलेला फोटू, धूळ उडवत घराकडं येत असलेली.

"आज्जे," नात म्हनली, "जागा बघ केवढी हाय." तिनं एक गोल दाखवला. त्यातली लग्नं म्हंजी एवढीशी फोड, बाकी समदा रिकामा.

म्या म्हनलं, "बापाला फोन लाव."

फोनवर मीच बोलले. "डिस्क चालली. परत द्यायची न्हाई. आन त्या स्थळवाल्यांना सांग, पोरगी आईतवारपासनं कामात हाय. पोरीला बघायचं आसंल तर तिचं काम बी बघायला या. तिकडं जाऊन ती काय करनार, ते आदी तिला इचारा."

"आये, आसं सांगत्यात व्हय कुनी?"

"आजपतूर कुनी सांगत नव्हतं. आता सांग."

आईतवारी शूटिंगवाला आला, गळ्यात क्यामेऱ्याची पिशवी. उंबऱ्यातनंच म्हनला, "बसतंय का?" नातीनं लॅपटॉप त्येच्याकडं फिरवला. त्यानं गोल बघितला. पिशवीतनं बारकी कार्डं काढून तिच्या हातावर ठिवली, एका मागनं एक. म्हनला, "पुसू नगंस हां काय, ह्या लग्नात म्हातारी मानसं लय हायत." नात म्हनली, "आता मी कुनाचं पुसत न्हाई."

ते लगीन तिनं एकटीनं कापलं. मला कामाच्या मदी बसवून दाखवायची, आज्जे, हे ठिवू का हे? माझं आपलं एकच, म्हाताऱ्यांना काढू नगंस. शूटिंगवाल्यानं त्येच्या मागनं आजून एक सगळं लगीन दिलं, मग आजून एक. तामिळनाडूवाल्यांनी मातूर दुसरीकडं जमवलं. त्येंचं बी चांगलं व्हवो.

जुनी डिस्क नातीनं वायरीच्या पेटीत घालून ठिवलीया, देवळीत. तिला मी हात लावत न्हाई. नवीच्या तोंडाला वाईच पिवळेपना आजून हाय म्हनती ती, हळद कुठं एवढी जाती.

बिरोबाचं मी इसरले न्हाई. म्होरल्या जत्रंला काळ्या शेळीचं करडू राखलंय, कपाळावर पांढरा ठिपका हाय त्येला. परवा नात त्येला गोंजारत बसलेली आन हळूच म्हनती, "आज्जे, आता ह्या लॅपटॉपाची रॅम बी वाईच वाढवाय पायजे. लय गरम व्हतोय."

म्या करडू तिच्या मांडीवरनं उचललं. म्हनलं, "ती तुझ्या कामाच्या पैशातनं आन. ह्येच्याकडं बघू बी नगंस."